त्याच्या जागी

खो-खोला काही लागत नाही. दोन खांब, फक्कीच्या रेघा आणि अनवाणी पाय, एवढ्यावर खेळ उभा राहतो. बत्तीस वर्षं मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. फुटबॉलसाठी, व्हॉलीबॉलच्या जाळ्यासाठी दर जूनला मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन उभं राहावं लागे. खो-खोसाठी मी वर्षाला फक्कीची दोन पोती मागितली, बाकी काही नाही. गोवा सरकारनं २०१२ साली फुटबॉलला राज्याचा खेळ म्हणून मान दिला तो योग्यच. सासष्टीत फुटबॉल किती खोल रुजलाय ते मी पाहिलं आहे. पण आमच्या डिचोली-सत्तरीच्या बाजूला कापणी झाली, शेत कोरडं पडलं, की मुलं दोन बांबू रोवून खो-खो मांडायची.

हे सगळं पुन्हा वर आलं ते एका हॉकीच्या काठीमुळं.

२०१८ चा एप्रिल. त्या वर्षी आमचा रस्ता गप्प होता. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारीत ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं होतं आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या होत्या. टिप्पर उभे, चालक घरी, आणि सकाळी सोप्यावर बसलं की समोरच्या फणसावर पक्षी ऐकू येत. हा गप्पपणा आनंदाचा नव्हता. गावातली निम्मी घरं त्या टिप्परांवर जगत होती. ८ तारखेच्या रविवारी पेपर चाळताना कॅनडातली बातमी दिसली, बर्फावरची हॉकी खेळणाऱ्या मुलांच्या बसला झालेल्या अपघाताची. पुढं दोन-तीन दिवसांनी मुलीनं फोनवर एक फोटो पाठवला. घराची पायरी, दाराला टेकवून ठेवलेली हॉकीची काठी, वर चालू ठेवलेला दिवा. कॅनडाभर लोकांनी रात्री अशा काठ्या दारात ठेवल्या होत्या. मुलं जिथं कुठं असतील तिथं त्यांना लागली तर असावी, म्हणून.

मी तो फोटो बराच वेळ धरून बसलो. आमच्या मुलांसाठी दारात काय ठेवायचं असतं? खो-खोला काही लागत नाही.

*

हम्बोल्ट हे सस्कॅचवान प्रांतातलं गाव. वस्ती सहा हजारांच्या आसपास, म्हणजे आमच्या साखळी शहराच्या निम्मी. त्यांच्या ज्युनियर हॉकी संघाचं नाव ब्रॉन्कोज. ६ एप्रिलला संध्याकाळी पाचच्या सुमाराला, आपल्याकडे तेव्हा ७ तारखेची पहाट होती, संघाची बस निपाविन नावाच्या गावी प्लेऑफचा सामना खेळायला निघाली होती. सामना उपांत्य फेरीतला. बस महामार्ग ३५ वरून उत्तरेकडे जात होती. ३३५ क्रमांकाच्या रस्त्यावरून दोन ट्रेलर ओढणारा एक ट्रक आला आणि थांबण्याची पाटी ओलांडून चौकात शिरला. बसमध्ये २९ जण होते. १६ गेले, १३ जखमी झाले. गेलेल्यांत दहा खेळाडू. बाकीचे मुख्य प्रशिक्षक, त्यांचे सहायक, संघाची फिजिओ, बसचालक, रेडिओवर सामन्याचं वर्णन करणारा आणि आकडेवारी टिपून ठेवणारा अठरा वर्षांचा एक पोरगा.

त्या पोराकडं माझं लक्ष पुन्हा पुन्हा जातं. तो खेळत नव्हता. पण प्रत्येक संघात असा एक जण असतोच, ज्याच्यावाचून सामना होतो आणि तरी ज्याच्यावाचून संघ होत नाही.

दुसरी गोष्ट लक्षात राहिली ती त्या मुलांच्या राहण्याची. सोळा ते एकवीस वयाची ही मुलं, बहुतेक बाहेरगावची. हॉकीच्या मोसमात ती हम्बोल्टमधल्या घरांत राहायची. त्या घरांना तिकडे ‘बिलेट’ म्हणतात. घरची बाई त्यांना जेवू घालणार, उशीर झाला तर जागी राहणार, त्यांचे घामट कपडे धुणार. अपघात झाला तेव्हा या बायकांचं कोण गेलं? रक्ताचं कुणीच नाही. कागदावर त्यांचं त्या मुलांशी काहीच नातं नव्हतं.

आमच्याकडे अशा माणसांना सुतक नसतं.

*

आमची तारीख मी लिहीत नाही, गावही नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना कळेल. ज्यांना नाही त्यांच्यासाठी ती दोन घरं अनोळखीच राहिलेली बरी. खाणींच्या भरभराटीच्या वर्षांतली गोष्ट आहे. २०१०-११ साली गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त खनिज परदेशी गेलं, त्यावरून त्या काळातल्या रस्त्यांचा अंदाज यावा. डोंगरातून नदीवरच्या सारमानससारख्या धक्क्यांपर्यंत टिप्परांची रांग, झाडांची पानं तांबडी, दोरीवर वाळत घातलेली धोतरं तांबडी. चालकाला खेपेवर पैसे. जास्त खेपा, जास्त पैसे. एवढं साधं ते गणित होतं आणि ते सगळ्या गावाला पाठ होतं.

म्हापशाला पेडेच्या मैदानावर आंतरशालेय स्पर्धा होती. शाळेकडं बस नव्हती. भाड्याची ट्रॅक्स ठरवली. बारा खेळाडू, चालक आणि मी, असे चौदा जण त्या गाडीत बसलो. ती गाडी चौदा जणांची नव्हती. तेव्हा सगळ्याच शाळांच्या टीम अशाच जायच्या, हे खरं आहे. ते मी सांगतो आणि दर वेळी सांगून झाल्यावर मला बरं वाटत नाही.

उपांत्य सामन्यात दोन गुणांनी हरलो. अस्नोड्याला थांबून भाजी-पाव खाल्ला. हरलेली मुलं दहा मिनिटं गप्प असतात, मग गाणी सुरू होतात. त्या दिवशीही झाली. पुढच्या एका वळणावर समोरून रिकामा टिप्पर आला. रिकामे टिप्पर भरलेल्यांहून वाईट. परतीला घाई जास्त असते. खनिजावर घालायची ताडपत्री एका बाजूनं सुटली होती आणि फडफडत होती. मला शेवटचं दिसलं ते हेच. एवढा मोठा ट्रक दिसला नाही, ताडपत्री दिसली.

माझं खांद्याचं हाड मोडलं. मागच्या उजव्या कोपऱ्यात बसलेले दोघे गेले, एक जागीच आणि दुसरा बांबोळीच्या इस्पितळात पोचायच्या आत. बाकीच्यांना कमीअधिक मार लागला. एकाच्या पायात अजून सळई आहे.

कॅनडातल्या खटल्याबद्दल पुढं वाचलं तेव्हा एका ओळीवर मी थांबलो. तो ट्रकचालक भारतातून तिकडं गेलेला तरुण. नोकरीला लागून तीनच आठवडे झाले होते. मालावरची ताडपत्री फडफडत होती, त्याचं लक्ष आरशातून तिच्याकडं होतं, आणि थांबण्याची पाटी, वरचा लुकलुकणारा दिवा, आधीच्या सूचना, यांतलं काहीच त्याला दिसलं नाही. त्यानं २०१९ च्या जानेवारीत सगळे २९ आरोप कबूल केले आणि मार्चमध्ये त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. न्यायालयात काही घरांनी त्याला क्षमा केली, काहींनी केली नाही. दोन्ही घरं मला पटतात.

आमचा टिप्परचालक कुठला होता कुणास ठाऊक. बाहेरून आलेला, विशी-बाविशीतला मुलगा. तो उडी टाकून पळाला. मालक मात्र शेजारच्याच गावचा, बँकेचं कर्ज काढून ट्रक घेतलेला. गावानं दोन दिवस रस्ता अडवून धरला. तिसऱ्या दिवशी टिप्पर पुन्हा सुरू झाले. महिन्याभरानं त्या रांगेत, जागीच गेलेल्या मुलाच्या वडलांचाही ट्रक उभा होता. मी त्यांना रस्त्यात भेटलो. ते स्टिअरिंगवरून हात न काढता म्हणाले, “हप्तो भरूंक जाय, सर.” हप्ता भरायला हवा. त्यावर मी काय बोलणार? ज्या रस्त्यानं मुलगा गेला त्याच रस्त्यावर मुलाचा बाप रोज सहा खेपा करत होता. लोक नंतर खाणींच्या बाजूनं आणि विरुद्ध मोठमोठ्यानं बोलायला लागले तेव्हा मला दर वेळी त्यांचा तो स्टिअरिंगवरचा हात दिसायचा.

*

गेलेल्या दोघांतला एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांची घरं एकाच वाड्यावर, मध्ये एक चिंच. सकाळी स्मशान, दुपारी सिमितेर, एकाच दिवशी. सकाळी जे लोक पांढरा पंचा खांद्यावर टाकून आले होते तेच दुपारी इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, दारात उभे होते. घंटा वाजत होती. गावात मढं असेपर्यंत देवळात नैवेद्य दाखवत नाहीत. त्या दिवशी दुपारी पुजारी दुसरा मुलगाही मातीत जाईपर्यंत थांबून राहिले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पूर्वी कधी असं झालं होतं का हेही कुणाला माहीत नव्हतं.

मग दोन घरांची दोन दिनदर्शिका सुरू झाल्या. एका घरात दहावा, बारावा. दुसऱ्या घरात सातव्या दिवसाचं मीस, म्हणजे इगर्जीतली प्रार्थना, मग महिन्याचं. गाव दोन्हींकडं जात होतं. पुढच्या शिगम्यात मांडावर फक्त नमन घातलं, ढोल बाहेर काढले नाहीत, घोडेमोडणी झाली नाही. जत्रेतलं नाटकही त्या वर्षी राहिलं. पडद्याचे पैसे आगाऊ दिले होते ते गेले. गावानं जे करायला हवं ते सगळं केलं. मी हे अभिमानानं लिहितो, कारण मोठ्या शहरात मी इतकं पाहिलेलं नाही.

पण सुतकाची रेघ भावकीपर्यंत जाऊन थांबते. ती टीमपर्यंत येत नाही. जी मुलं त्या गाडीत बसली होती ती आठवड्याभरात वर्गात परत आली, पट्ट्या बांधलेली. त्यांना कुणी केस काढायला सांगितले नाहीत, कुणी गोड खाऊ नका म्हटलं नाही, कुणी वेगळं बसवलं नाही. त्यांच्या दुःखाला तिथी नव्हती. सुतक हा आपल्याला नेहमी जाच वाटतो. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की दहा दिवस तुम्हाला कुणी शिवत नाही, कशाला बोलावत नाही, तुमच्याकडून काही मागत नाही, यात केवढी दया आहे. अकराव्या दिवशी अंघोळ करून तुम्ही बाहेर येता. माझी मुलं बाहेर कुठून येणार? ती आत गेलेलीच नव्हती.

आणि या मुलांना निदान पट्ट्या तरी होत्या. एकाला तेवढंही नव्हतं.

*

खो-खोचा संघ बारा जणांचा. नऊ खेळतात, तीन राखीव. त्या वर्षी माझ्याकडं तेरा मुलं होती.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी एवढंच सांगतो: आठ जण पाटीवर चौरसात बसतात, एकाआड एक उलट तोंडं करून. नववा पाठलाग करतो. त्याला वळायची मुभा नाही. दमला, किंवा पळणारा हुलकावणी देऊन पलीकडं गेला, की तो बसलेल्याच्या पाठीला हात लावून ‘खो’ म्हणतो. बसलेला उठून धावतो आणि खो देणारा त्याच्या जागी बसतो. हे सगळं क्षणाच्या आत. मी बत्तीस वर्षं मुलांना हेच शिकवलं, की त्याच्या जागी बसताना विचार करायचा नाही. विचार केला की फाऊल होतो.

तेरा नावांतलं एक काढायचं होतं. शेवटी दोन नावं उरली. एक डावखुरा ख्रिस्ती मुलगा. दुसरा देवळामागच्या घरातला, रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मैदानावर फक्की मारणारा. त्याच्या रेघा दोरी न लावता सरळ येत. खांबावर सूर मारण्यात दोघं सारखे, पळण्यात सारखे. मी रात्री डायरी उघडून बसलो होतो. डावखुऱ्याला गेल्या वर्षी राखीव म्हणूनही जायला मिळालं नव्हतं. म्हटलं, यंदा त्याला जाऊ दे. दुसऱ्याच्या नावावर मी एक रेघ ओढली.

सकाळी बारा नावांची स्वच्छ यादी फलकावर लावली. तो आला, यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. माझ्याकडं वळून म्हणाला, “सर, म्हजें नांव ना?” माझं नाव नाही?

मी म्हटलं, पुढच्या वर्षी.

दोन दिवसांनी तो डावखुरा मुलगा बांबोळीच्या वाटेवर गेला.

यानंतर गावानं त्या तेराव्या मुलाला जे दिलं ते सगळं आशीर्वाद म्हणून दिलं. देवळात, दुकानावर, बसथांब्यावर, जो भेटेल तो त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, “देवान राखलो तुका.” देवानं तुला राखलं. त्याच्या आईनं नारळ ठेवला, नवस फेडला. पंधरा वर्षांचं पोरगं ते. ज्याला देवानं राखलं त्यानं दुसऱ्याला का राखलं नाही, हा प्रश्न त्याच्या डोळ्यांत उभा असायचा आणि आम्ही मोठी माणसं त्या प्रश्नाकडं बघतच नव्हतो. मीही नाही. तो माझ्या समोर आला की मी काही तरी काम सांगायचो. पोती उचल. शिट्टी आण. पुढच्या वर्षीच्या संघात मी त्याचं नाव पहिलं लिहिलं. तो खेळला नाही. फक्की मारायला मात्र रोज यायचा, शाळा संपेपर्यंत, आणि रेघा मारून झाल्या की सरळ निघून जायचा.

मला वाटतं, गावानं त्या मुलाला सुतक द्यायला हवं होतं. शास्त्रात नसेल. नैवेद्यासाठी थांबायचंही शास्त्रात नव्हतं.

एकदाच कुणी तरी त्याला बरोबर काही बोललं. ते मला त्यानंच पुष्कळ वर्षांनी सांगितलं. महिन्याच्या मीसाला तो इगर्जीच्या बाहेर, पायऱ्यांच्या खाली उभा होता. मीस सुटलं. डावखुऱ्याची आई बाहेर आली, तिनं त्याला पाहिलं आणि घरी घेऊन गेली. मेजावर ताट वाढलं आणि म्हणाली, “बस पुता, जेव.” देवाचं नाव घेतलं नाही, राखल्याचं म्हणाली नाही. तो जेवला. ती समोर बसून होती. ताट कुणाचं होतं ते त्यानं विचारलं नाही.

*

हम्बोल्टच्या बातम्यांत एक बातमी अशी होती की ती वाचल्यावर मी पेपर घडी करून ठेवला आणि परसात गेलो. प्लेऑफसाठी सगळ्या पोरांनी केस सोनेरी रंगवले होते. संघात असं करतात. सगळे सारखे दिसायला लागतात, तीच त्यातली मजा. अपघातानंतर ओळख पटवताना त्यामुळं घोटाळा झाला. एका घराला मुलगा गेल्याचं सांगितलं गेलं, तो जिवंत होता. दुसरं घर आपला मुलगा वाचला असं धरून चाललं होतं, तो गेलेला होता. ९ एप्रिलला चूक जाहीर झाली. मधले दोन-तीन दिवस एकाची जागा दुसऱ्याकडं होती.

त्या दोन आयांबद्दल मी काही लिहू शकत नाही. जो मुलगा वाचला त्याच्याबद्दल मात्र मला वाटतं की मी त्याला थोडा ओळखतो. त्याचं नाव गेलेल्यांच्या यादीत छापून आलं आणि मग खोडलं गेलं. खोडलेल्या नावानं जगणं कसं असतं ते आमच्या देवळामागच्या घरात मी पाहिलेलं आहे.

त्याच संघातल्या एकवीस वर्षांच्या एका खेळाडूनं अवयवदानाच्या अर्जावर सही केली होती. आदल्या वर्षी त्याचे एक प्रशिक्षक वारले, त्यांचे अवयव सहा जणांना मिळाले. ते पाहून आपणही तसंच करायचं असं त्यानं घरी सांगून ठेवलं होतं. त्याचेही अवयव सहा जणांना मिळाले. त्यानंतर लाखाहून जास्त कॅनेडियन लोकांनी नावं नोंदवली, आणि आता ७ एप्रिलला तिकडं हिरवे शर्ट घालतात. प्रशिक्षकानं दिलेला खो मुलानं पुढं नेला, असं माझ्या मनात आलं आणि लगेच वाटलं, हे आपण म्हणायचं नाही. ते म्हणायचा हक्क त्याच्या आईवडलांचा.

तिकडं पुढं नियमही बदलले. सस्कॅचवाननं २०१९ च्या मार्चपासून मोठे ट्रक चालवू पाहणाऱ्यांना किमान १२१.५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. कॅनडात सप्टेंबर २०२० पासून नव्या मोठ्या बसगाड्यांना सीटबेल्ट सक्तीचे झाले. सप्टेंबर २०१८ मध्ये ब्रॉन्कोज पुन्हा आपल्या बर्फावर उतरले, समोर तोच निपाविनचा संघ, आणि वाचलेल्यांतले दोघे त्या दिवशी खेळले. आमच्याकडं काय बदललं याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. टिप्पर थांबले, पण ते न्यायालयानं थांबवले, आमच्या मुलांसाठी कुणी थांबवले नाहीत. भाड्याच्या गाडीत किती मुलं बसवायची हे मी मात्र त्यानंतर कधी चुकलो नाही. दोन फेऱ्या केल्या, पैसे नसले तर स्पर्धेला गेलो नाही. यावरून स्टाफरूममध्ये माझ्याशी वाद झाले. मी हटलो नाही. एवढंच.

२०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. नोव्हेंबरातल्या तिसऱ्या रविवारी जगभर अशा माणसांची आठवण करतात, संयुक्त राष्ट्रांनी २००५ पासून तो दिवस पाळायला सांगितलाय. आमच्याकडं त्याच्या आधीच २ नोव्हेंबर येतो, सगळ्या मृतांचा दिवस; सिमितेरीत फुलं आणि मेणबत्त्या. आणि त्या वळणावर डावखुऱ्याच्या घरच्यांनी एक छोटा खुरीस उभारलाय. हम्बोल्टच्या मुलांचा अपघात झाला त्या चौकातही आधीचे सहा क्रूस होते म्हणे, १९९७ साली तिथंच सहा जण गेले होते. आमच्या खुरसावर एकच नाव आहे. पण त्या तारखेला तिथं हार दोन पडतात. दुसरा हार ट्रकवाले वडील घालतात. आता त्यांचा ट्रक नाही.

*

त्याच एप्रिलमध्ये, हॉकीच्या काठीचा फोटो आला त्याच आठवड्यात, तो तेरावा मुलगा माझ्याकडं आला होता. फाटकाची बिजागरी तुटली होती. त्याचं आता फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, दोन मुलं हाताखाली आहेत, घरी एक लहान मुलगी. काम झाल्यावर तो सोप्यावर बसला. बायकोनं कोकमाचं सरबत दिलं. टेबलावर पेपरचं कात्रण पडलं होतं. त्यानं ते उचललं आणि शेवटपर्यंत वाचलं. केसांबद्दलची ओळ आली तिथं तो थांबला असावा, कारण त्याचा हात सहज आपल्या डोक्यावर गेला.

मग म्हणाला, सर, एक विचारू? मला का नाही घेतलं?

इतक्या वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं आणि मी रोज त्याची वाट पाहत होतो. माझ्याकडं उत्तर तयार होतं. त्याचा सूर जरा चांगला होता, डावखुरा असल्यानं फायदा होता. हे उत्तर मी स्वतःला इतक्यांदा दिलं होतं की ते खरं वाटायला लागलं होतं. ते तोंडावर आलं आणि मी उठून आत गेलो.

डायरी कपाटात सगळ्यात खाली होती. वाळवीनं कडा खाल्ल्या होत्या. ते पान मला शोधावं लागलं नाही. मी ती उघडी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, तुम्हा दोघांत उजवं-डावं करण्यासारखं काहीच नव्हतं. त्याला आदल्या वर्षी जायला मिळालं नव्हतं, म्हणून तुझ्या नावावर रेघ मारली. दुसरं काही कारण नाही.

तो पान बघत राहिला. तेरा नावं, माझ्या घाईच्या अक्षरात. सातवं नाव आडव्या रेघेनं खोडलेलं. निळी शाई, पातळ रेघ, खालची अक्षरं स्वच्छ वाचता येणारी. त्यानं त्या नावावर बोट ठेवलं. रेघेवरून सावकाश, डावीकडून उजवीकडं नेलं, पूर्वी फक्की मारताना चालायचा तसं.

“सर,” तो म्हणाला, “हांगा म्हजें नांव आसा.”

इथं माझं नाव आहे.

मी हो म्हटलं. त्यानं विचारलं, हे पान मी नेऊ का? मी पट्टी आणली आणि ते नीट, सरळ फाडून त्याला दिलं. तो वर्कशॉपला गेला नाही. स्कूटर चिंचेकडं वळली, दोन घरं आहेत तिथं.